दाढांवरून वाचलेला वंश

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी येऊन अडकलेल्या त्या देवमाशाच्या बरगड्या पाहिल्या, की हाडांचा अभ्यास म्हणजे असल्या अवाढव्य गोष्टींचा अभ्यास, अशी समजूत लहानथोर सगळ्यांचीच होते. त्यातून बालासिनोरजवळचे रैयोली आपल्याला जवळ. तिथल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस हा डायनासोर जगापुढे आला, त्यामुळे बडोदेकरांच्या मनात जीवाश्म म्हटले की डायनासोरच उभा राहतो. मागच्या महिन्यात माझी भाची त्या सांगाड्याखाली उभी राहून म्हणाली, "मामा, कांगारूंच्या पणजोबांचेही असेच सांगाडे सापडले असतील ना?" मी तिला सांगितले, की कांगारूंच्या घराण्याचा इतिहास मुख्यतः दातांवरून लिहिला गेला आहे आणि त्यातले बरेच दात ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान आहेत. तिचा विश्वास बसला नाही. हा लेख त्या अविश्वासातून निघाला आहे.

पोटाला पिशवी असलेल्या सस्तन प्राण्यांना आपल्याकडे शिशुधानी प्राणी म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण या गटातल्या कित्येक जातींच्या मादीला नीट पिशवी नसते. खरा फरक जन्माच्या पद्धतीत आहे. गाय, मांजर, माणूस यांचे पिल्लू आईच्या पोटात वारेच्या आधाराने दीर्घकाळ वाढते. शिशुधानी प्राण्यांत ही वार अल्पकाळच काम करते आणि पिल्लू अगदी अपुऱ्या अवस्थेत बाहेर येते. लाल कांगारूचे पिल्लू सुमारे ३३ दिवसांत जन्मते, तेव्हा त्याचे वजन एक ग्रॅमही नसते, म्हणजे साधारण एका शेंगदाण्याएवढे. डोळे मिटलेले, मागचे पाय नावापुरते, पण पुढचे पाय मात्र दणकट; त्या पुढच्या पायांनी आईच्या केसांना धरत ते पिशवीपर्यंत चढते आणि आचळाला चिकटते. उरलेली सगळी वाढ दुधावर. आज या गटाच्या तीनशेहून अधिक जाती जिवंत आहेत. त्यांतल्या बहुतेक ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत, बाकीच्या अमेरिका खंडांत, आणि त्यांतही उत्तर अमेरिकेच्या वरच्या भागात एकटे व्हर्जिनिया ऑपॉसम.

आता अडचण अशी, की पिशवीचा जीवाश्म होत नाही. वारेचाही होत नाही. मग लाखो वर्षांपूर्वीचा हाडाचा तुकडा हातात आल्यावर तो शिशुधानी प्राण्याचा आहे हे ओळखायचे कशावरून? इथे दात कामाला येतात. दातावरचे वेष्टण हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असल्यामुळे बाकीचे सगळे कुजून, झिजून गेल्यावरही दात टिकतो. शिशुधानी प्राण्यांच्या जबड्यात सामान्यतः प्रत्येक बाजूला तीन उपदाढा आणि चार दाढा असतात. वार असलेल्या आद्य सस्तन प्राण्यांत हा हिशेब उलटा, म्हणजे चार उपदाढा आणि तीन दाढा असा आहे. शिवाय खालच्या जबड्याचा मागचा कोपरा शिशुधानी प्राण्यांत बहुधा आतल्या बाजूला वळलेला असतो. जबड्याचा एवढा तुकडा मिळाला तरी जाणकाराला पुरतो.

याचे सर्वांत गमतीशीर उदाहरण थायलसीन या नामशेष शिशुधानी प्राण्याचे, ज्याला टास्मानियन वाघ किंवा टास्मानियन लांडगा म्हणत. त्याची कवटी आणि कुत्र्याची कवटी शेजारी ठेवल्या तर प्राणिशास्त्राचे विद्यार्थीही गोंधळतात. तेच लांबट तोंड, तेच सुळे. पण कवटी उलटी करून टाळू पाहावी. थायलसीनच्या हाडाच्या टाळूत मागे दोन मोठी भोके असतात, कुत्र्याच्या टाळूत ती नसतात. मग पुढचे कातणारे दात मोजावेत: कुत्र्याच्या वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीन, थायलसीनच्या चार. दोन वेगळ्या घराण्यांनी एकाच धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, की त्यांची हत्यारे सारखी दिसू लागतात, तसे हे झाले आहे. नाते मात्र फार दूरचे, इतके की थायलसीन कुत्र्यापेक्षा कांगारूच्या जवळचा.

या घराण्याच्या इतिहासावर ज्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ काम केले, त्या मायकेल आर्चर या जीवाश्मशास्त्रज्ञांच्या वाटचालीच्या आधाराने हा विषय उलगडणे मला सोयीचे वाटते. त्यांचा जन्म १९४५ चा, सिडनीचा, पण ते वाढले अमेरिकेत. प्रिन्स्टनमधून १९६७ मध्ये पदवी घेऊन ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियात परतले आणि तिथलेच झाले. सत्तरच्या दशकात क्वीन्सलँडच्या संग्रहालयात सस्तन प्राण्यांचा विभाग सांभाळून पुढे न्यू साउथ वेल्स विद्यापीठात ते शिकवू लागले. यातले मुक्काम फार महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाची आहे ती जागा, जिथे ते १९७६ पासून पुन्हा पुन्हा जात राहिले: क्वीन्सलँडच्या वायव्य कोपऱ्यातले रिव्हर्सले.

त्याआधी या विषयाची स्थिती काय होती, तेही थोडक्यात सांगायला हवे. ऑस्ट्रेलियाच्या लुप्त प्राण्यांची पहिली मोठी वर्णने रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनमध्ये बसून केली. बोटीने येणाऱ्या पेट्या उघडायच्या आणि हाडांना नावे द्यायची, असा तो प्रकार. स्वतः ओवेन ऑस्ट्रेलियात कधी गेलेच नाहीत. १८३८ मध्ये त्यांनी डायप्रोटोडॉनला नाव दिले. हा आजवरचा सर्वांत मोठा शिशुधानी प्राणी, वजन अडीच टनांच्या पुढे. १८५९ मध्ये त्यांनी थायलॅकोलिओचे, म्हणजे शिशुधानी सिंहाचे वर्णन केले, आणि तो क्रूर शिकारी असल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांनी ते मानले नाही, कारण तो मुळात शाकाहारी प्राण्यांच्या शाखेतला. त्याच्या उपदाढा मात्र अडकित्त्याच्या पात्यांसारख्या होत्या, आणि अखेर ओवेन यांचेच म्हणणे टिकले. पण ही सगळी हाडे अलीकडच्या काळातली होती. त्यामागचा कोट्यवधी वर्षांचा इतिहास जवळजवळ कोराच होता.

रिव्हर्सलेने तो कोरेपणा भरून काढला. आज तिथे रखरखीत माळ आहे, काटेरी गवत आहे आणि मधून मधून चुनखडीचे कडे आहेत. तिथे जीवाश्म आहेत हे आधीपासून ठाऊक होते. पण १९८३ मध्ये आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा थरांचा शोध लागला, की तिथल्या चुनखडीत लहान-मोठी हाडे खच्चून भरलेली होती. त्यानंतर वर्षानुवर्षे तिथे मोहिमा गेल्या, दगडांचे ठोकळे फोडून, प्रसंगी हेलिकॉप्टरने उचलून प्रयोगशाळेत आणले गेले आणि १९९४ मध्ये ही जागा, दक्षिणेकडच्या नॅराकूर्ट गुहांसोबत, जागतिक वारसा यादीत गेली.

दगडातून हाड सोडवायचे कसे, हे मला पुस्तकात वाचून जेवढे कळले नव्हते तेवढे स्वयंपाकघरात कळले. बडोद्यात घरोघरी कोटा फरशी असते. ती चुनखडीच आहे. तिचा एक तुटका तुकडा मी वाटीत ठेवून त्यावर बाजारातले साधे व्हिनेगर ओतले. क्षणभर काही झाले नाही. मग तुकड्याच्या कडेला मोहरीहून बारीक बुडबुडे धरू लागले आणि एकेक सुटून वर येऊ लागले. दुसऱ्या दिवशी फरशीची गुळगुळीत बाजू हाताला खरखरीत लागली. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात ती विरघळते आणि कार्बन डायॉक्साइड निघून जातो. हाड आणि दात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचे असतात, ते सौम्य आम्लाला बराच जास्त वेळ दाद देत नाहीत. या एवढ्या फरकावर रिव्हर्सलेचे सगळे काम उभे आहे. छिन्नी-हातोडीने जो दात निश्चित फुटला असता, तो व्हिनेगरच्याच जातीच्या आम्लाच्या टाक्यांत दगड ठेवल्यावर आठवड्यांनी आपोआप मोकळा होतो. अर्थात हाड आम्लात फार काळ राहिले तर तेही झिजते, म्हणून आम्लात फॉस्फेट मिसळतात आणि उघडे पडलेले हाड पातळ चिकट द्रावण लावून पक्के करतात. मग उरलेला गाळ धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली कण कण निवडायचा. तांदूळ निवडण्याचा कंटाळा असलेल्या माणसाने या शास्त्राच्या वाटेला जाऊ नये.

त्या गाळातून जे जग वर आले ते आजच्या रिव्हर्सलेशी कुठेही जुळत नाही. सुमारे अडीच कोटी ते दीड कोटी वर्षांपूर्वी तिथे घनदाट, ओले वर्षावन होते. झाडांवर चढणारा, मेंढीएवढा निंबाडॉन. मांस खाणारा कांगारूकुळातला एकाल्टाडेटा. आणि याल्कापॅरिडॉन नावाचा एक इतका विचित्र प्राणी, की तो कुठल्या गटात घालावा हे न कळून त्याला गमतीने 'थिंगोडोंटा' म्हटले गेले. निंबाडॉनच्या बाबतीत तर एकाच जुन्या गुहेत पिशवीतल्या पिल्लापासून प्रौढापर्यंत वेगवेगळ्या वयाच्या कवट्या मिळाल्या, त्यामुळे तो लहानाचा मोठा कसा होत असे हेही अभ्यासता आले. जीवाश्मांच्या क्षेत्रात असे भाग्य क्वचित लाभते.

हे काळ मनात बसवण्यासाठी मी भाचीला रेल्वेचा हिशेब दिला. एक किलोमीटर म्हणजे एक लाख वर्षे असे धरा आणि बडोदा स्टेशनवरून मुंबईच्या दिशेने भूतकाळात निघा. शेवटचा थायलसीन गाडीच्या दारापासून एका हातावर मेला. माणूस ऑस्ट्रेलियात पोचला, ती जागा स्टेशनापासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गाडीने नीट वेगही घेतलेला नाही. रिव्हर्सलेचे जंगल सुरतेच्या पुढे नवसारीच्या आसपास सुरू होते आणि वापी ओलांडून डहाणूच्या अलीकडे संपते. आणि ऑस्ट्रेलियातला ज्ञात सर्वांत जुना शिशुधानी प्राणी, जार्थिया, मुंबईतही भेटत नाही. त्यासाठी घाट चढून पुण्याजवळ जावे लागते, कारण तो साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे दात क्वीन्सलँडमध्येच, मर्गन गावाजवळच्या मातीत सापडले आणि आर्चर यांच्या गटाने १९९९ मध्ये त्याचे वर्णन केले.

जार्थिया उंदराएवढा होता, पण त्याचे महत्त्व मोठे, कारण तो कुठून आला हा प्रश्न लगेच उभा राहतो. कांगारू ऑस्ट्रेलियाचे म्हणून आपण ओळखतो, तरी या घराण्याची जुनी वस्ती अमेरिकेकडची आहे. दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया त्या काळी एकमेकांना लागून होते आणि अंटार्क्टिकावर बर्फ नव्हते, जंगल होते. त्या जंगलातून पिढ्यान्‌पिढ्या सरकत हे प्राणी पलीकडे पोचले. ही नुसती कल्पना राहिली असती, पण १९८२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावर अशाच एका प्राण्याचे जबडे मिळाले. आजही चिलीच्या जंगलात मोनितो देल मोंते नावाचा इवलासा प्राणी राहतो, आणि त्याचे नाते शेजारच्या अमेरिकी ऑपॉसमपेक्षा ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंशी अधिक जवळचे आहे.

मग भारतात कांगारू का नाहीत? कारण भारताचा तुकडा त्या दक्षिणेकडच्या जुळणीतून आधीच सुटून उत्तरेला निघाला होता. तरी एक खुलासा इथल्या वाचकाला आवडेल. बडोद्याहून दक्षिणेला, भरूच ओलांडल्यावर सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. त्या कोळशाच्या थरांतून सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे सस्तन प्राणी मिळाले, आणि २००५ मध्ये सुनील बाजपाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या काही चिमुकल्या दातांवरून इंडोडेल्फिस नावाच्या शिशुधानी प्राण्याची नोंद केली. म्हणजे पुण्याजवळच्या त्या काल्पनिक थांब्यावर, जार्थियाच्याच काळात, त्याचा एक दूरचा नातलग आपल्या गुजरातेतही होता. पुढे त्याचा वंश इथे राहिला नाही.

वंश राहत नाही म्हणजे नेमके काय होते, हा आर्चर यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते अधिक मोलाचा. थायलसीनचे उदाहरण घ्या. १८८८ ते १९०९ या काळात टास्मानियाच्या सरकारने मेंढ्या मारतो म्हणून त्याच्यावर इनाम लावले आणि २,१८४ इनामे दिली. १९३६ च्या जुलैमध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि त्यानंतर ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा थायलसीन मेला. गोष्ट एवढीच असती तर दोष बंदुकीचा आणि कारकुनी दिरंगाईचा म्हणून मोकळे होता आले असते. पण रिव्हर्सलेच्या दातांनी सांगितले, की मायोसीन काळात, म्हणजे तिथे वर्षावन होते त्या सुमारास, थायलसीनच्या कुळात एकाच वेळी कितीतरी जाती होत्या, काही मांजराएवढ्या, काही मोठ्या. ऑस्ट्रेलिया उत्तरेला सरकत गेला, हवा कोरडी होत गेली, जंगल आटले आणि जाती एकेक करून गळत गेल्या. माणूस तिथे पोचला तेव्हा कुळात एकच जात शिल्लक होती. मुख्य भूमीवरून ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, डिंगो हे रानकुत्रे आल्यानंतरच्या काळात गेली, आणि टास्मानियाच्या बेटावर उरली तिचे काय झाले ते वर आलेच. दहा भावंडांच्या वाड्यात एक वारस उरलेला असताना त्याच्यावर घाव पडला, असे हे आहे. कोआलाचेही तेच: पूर्वी अनेक प्रकार, आज एकच जात.

डायप्रोटोडॉनसारख्या महाकाय प्राण्यांच्या अंताबद्दल मात्र अजून जोरात वाद आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कालमापनानुसार ते सुमारे ४६ हजार वर्षांपूर्वी संपले, म्हणजे माणूस आल्यानंतर काही हजार वर्षांत. टिम फ्लॅनरी यांच्यासारखे अभ्यासक दोष शिकारीला देतात. दुसरा पक्ष म्हणतो की हवामान बदलत होते आणि बऱ्याच जाती त्याआधीच गेल्या असाव्यात. मला दुसऱ्या पक्षाचा एक मुद्दा वजनदार वाटतो, तो असा, की डायप्रोटोडॉन मारल्याचा निर्विवाद पुरावा देणारे, भाल्याची खूण असलेले हाड अजून कुणी दाखवू शकलेले नाही. पण हाड न मिळणे म्हणजे घटना न घडणे नव्हे, हेही त्याच शास्त्राने शिकवले आहे.

१९९९ मध्ये आर्चर सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे संचालक झाले आणि त्यांनी एक धाडसी प्रकल्प हाती घेतला. १८६६ पासून मद्यार्कात ठेवलेल्या थायलसीनच्या पिल्लातून डीएनए काढायचा आणि त्यावरून हा प्राणी पुन्हा जन्माला घालायचा. डीएनए निघाला, २००२ मध्ये त्याच्या प्रतीही झाल्या, परंतु तो इतका तुकड्या-तुकड्यांचा होता की २००५ मध्ये संग्रहालयाने काम थांबवले. वृत्तपत्रांनी त्यांना सर्वाधिक प्रसिद्धी दिली ती या प्रकल्पासाठी. माझ्या लेखी तो त्यांच्या कामाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. प्रत्येक पेशीत दडलेली संपूर्ण पोथी आणि वाळवीने खाल्लेली चार पाने यांत फरक असतो. २०१७ मध्ये दुसऱ्या एका पिल्लावरून थायलसीनचा बराचसा जनुकसंच वाचला गेला आणि २०२२ पासून मेलबर्न विद्यापीठाच्या गटाने एका अमेरिकी कंपनीसोबत पुन्हा तोच प्रयत्न मांडला आहे, तेव्हा ही गोष्ट संपलेली नाही, एवढे कबूल करायला हवे.

त्याहून शांतपणे चाललेले एक काम मला अधिक पटते. १८९५ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूम यांनी न्यू साउथ वेल्सच्या एका गुहेतल्या जीवाश्मांवरून बरामिस नावाच्या छोट्या पॉसमचे, म्हणजे एका शिशुधानी प्राण्याचे, वर्णन केले. खुणेचा दात एकच: मोठी, करवतीच्या पात्यासारख्या उभ्या रेघा असलेली उपदाढ. प्राणी नामशेष आहे असेच सगळे मानत होते, तोच १९६६ मध्ये व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथमवर, बर्फावर घसरणाऱ्या हौशी लोकांच्या झोपडीत, तो जिवंत सापडला. वजन जेमतेम ४५ ग्रॅम. आज तो ऑस्ट्रेलियातल्याच आल्प्स नावाच्या डोंगरांच्या काही शिखरांवरच उरला आहे. हिवाळ्यात बर्फाच्या गोधडीखाली महिनोन्‌महिने झोपतो आणि उन्हाळ्यात बोगोंग पतंगांवर जगतो. बर्फ कमी पडू लागले, २०१७ नंतरच्या दुष्काळात पतंगही घटले, आणि त्याच्या वरती जायला शिखर उरत नाही.

इथे रिव्हर्सले पुन्हा उपयोगी पडले. बरामिसच्या आधीच्या जातींचे जीवाश्म सुमारे अडीच कोटी वर्षे मागे जातात, आणि त्यांतला एकही बर्फाच्या डोंगरावरचा नाही. सगळे सखल, ओल्या जंगलातले. यावरून आर्चर यांनी असा तर्क मांडला, की शिखर हे या प्राण्याचे मूळ घर नव्हे, अलीकडच्या उबदार काळात डोंगरावर गेलेले घराणे तिथेच अडकून पडले आहे. तर त्याला पुन्हा सखल जंगलात सांभाळून पाहावे. न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोजवळ त्यासाठी प्रजनन केंद्र उभारले आहे. आजची वस्ती पाहून प्राण्याचे योग्य घर ठरवणे किती धोक्याचे असते, याचे याच गटाने दिलेले दुसरे उदाहरण शिशुधानी चिचुंद्रीसारख्या प्राण्याचे आहे: आज ती वाळवंटाच्या वाळूत पोहल्यासारखी चालते, पण तिच्या कुळातला नाराबोरिक्टीस वर्षावनाच्या भुसभुशीत पालापाचोळ्यात खणत होता, आणि खणण्याचे ते हात त्याला वाळवंट तयार होण्याच्या कितीतरी आधी मिळाले होते.

लिथगोच्या पिंजऱ्यांत बरामिसला बर्फाविना काय होते, हे आता वर्षानुवर्षे नोंदले जाईल. जीवाश्मांनी आपली साक्ष दिली आहे. चुनखडीतून सुटलेली ती रेघांची उपदाढ आणि पिंजऱ्यात बिया फोडणाऱ्या जिवंत पॉसमची उपदाढ सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवली, तर जंगल सुकले, खंड सरकला, तरी त्या पात्यावरच्या रेघा जवळजवळ तशाच दिसतात.